गालुंगानच्या आत साठ चेहरे

तीर्थरूप मामांस,

भाची सुवित्रीचा अगदी वाकून नमस्कार. शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला आता स्वच्छ दिसतं असं कळलं. फार आनंद झाला (थोडी धडकीही भरली, कारण आता तुम्ही माझे कागद नीट बघणार). आई बरी आहे. डुकरीण व्यायली, आठ पिल्लं आहेत.

तुम्ही जाताना साठ कागद दिलेत आणि म्हणालात, रोज चित्रातल्या राजपुत्राचा एक चेहरा काढ. गालुंगानच्या सणाला येऊन बघीन, आणि मगच देवळाच्या वळचणीला लावायच्या नव्या कापडावरच्या चित्राची रेघ तू ओढायचीस की शेजारच्या दार्साने, ते ठरवीन. मामा, नऊ वर्षांची असल्यापासून मी तुमच्या रेघांत रंग भरत आलेय. एकदा तरी रेघ माझी असावी असं फार वाटतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी बसणार होते, तर सरस्वतीचा दिवस निघाला. त्या दिवशी लिहायचं-वाचायचं नाही, पुस्तकं पुजायची. मी कागदही पूजेत ठेवले, वर नैवेद्य. मग समुद्रस्नान, मग आणखी तीन दिवस काही ना काही (पंचांग मी केलेलं नाही). नैवेद्य मात्र उचलला नाही, कारण देवीचं झालं की नाही हे कोणी सांगितलंच नाही. दहाव्या दिवशी मुंग्यांनी सांगितलं. वरचे अकरा कागद शितांसकट गेले.

नंतर बसले तर बोरू बोथट. तो तासायचा चाकू लोखंडी, आणि लोखंडाच्या हत्यारांचा सण चार दिवसांवर. म्हटलं, पूजा होऊ दे. आई म्हणाली, "अगं, त्याच चाकूने सकाळी कैरी चिरलीस ना?" कैरीची गोष्ट वेगळी, पण आईला कोण समजावणार.

शेवटी चार चेहरे काढले. राजपुत्राचे डोळे बारीक, लांबट हवेत; माझ्या हातून राक्षसाचे बटबटीतच उतरतात. आई बघून म्हणाली, "शेजारचे लातेरकाका ना? हुबेहूब!" तेव्हापासून रोज सकाळी कागद पुढ्यात घेते आणि अंगण झाडायला उठते. कुंपणापलीकडे दार्सा उजाडल्यापासून बोरू चालवत असतो. वर ओरडतो, "सुवी, तुझं झालं की माझंही अंगण झाड गं!" मला रडू येतं, मामा.

गालुंगान नऊ दिवसांवर आलंय. तेव्हा येऊ नका. त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगानच्या सणाला या. प्रवासातली धूळ डोळ्यांना बरी नव्हे.

तुमची,
सुवित्री

ता. क. हे पत्र मी पाचव्यांदा लिहितेय. शब्द सुचेना की बोरू समासात फिरायचा. आत्ता आईने आधीचे चार कागद चुलीत घालायला घेतले आणि थबकली. समासभर राजपुत्र आहेत, एकूण एकतीस. डोळे बारीक आलेत, मामा!

पुन्हा ता. क. गालुंगानलाच या. येताना हे पत्र नक्की आणा, यावरचे सात राजपुत्रही साठात धरायचे आहेत; उरलेले तोवर काढतेच. मागच्या बाजूचा चिडका म्हातारा मात्र धरू नका. मी राजपुत्रच काढत होते, पण तुमची आठवण आली.