बाईंना ऐकायला आवडतं

सोमवार, ४ तारीख

बाईंच्या खालच्या मजल्यावर राहायला मिळण्याची खरी किंमत आज येताना गाडीत मनाशी मांडली. भाडं किरकोळ आहे, ते सोडा. चालता धंदा जावयाच्या हाती दिला. बायकोने अबोला धरलाय. मुलीच्या लग्नात पाहुणे सोडून मी बाईंच्या कार्यक्रमासाठी रेडिओला चिकटलो होतो, ते ती अजून विसरलेली नाही. आणि एवढं करून बाईंना मी एकदाही पाहिलेलं नाही. तरी सौदा स्वस्तात पडला असंच म्हणेन.

पाहिलं कोणीच नाही म्हणा. बाई पहिल्यापासून पडद्याआडून गायल्या. मी दुसऱ्याच्या गोदामात गठ्ठे वाहत होतो तेव्हा समोरच्या दुकानातून त्यांचा आवाज आला, भान गेलं आणि गठ्ठा तोंडावर पडला. पुढचा दात तेव्हाच गेला. तेव्हापासून माझ्या 'स'ला शिट्टी वाजते. बायको म्हणते, फोनवर नाव सांगूच नका, शिट्टी पुरे, लाखात ओळखीन.

बाईंचंही तसंच. ओळ उचलण्याआधी त्यांचा श्वास किंचित अडकतो. उंबऱ्याला पाय अडखळावा तसा. त्या अडखळण्यासाठी मी जन्म काढला. आवाज चोरता येतो म्हणणाऱ्याला कान नसतात. हा श्वास मी लाखात ओळखीन.

घर नीटनेटकं आहे. कारभार बाईंची भाची पाहते. चाळिशीची, हसरी, पायात कापडी चपला, कधी येते कळत नाही. माझ्या खोलीच्या छताला ताटलीएवढं गोल भोक आहे, त्याला जाळी. वर बाईंची खोली.

गुरुवार, ७ तारीख

आज बाई गुणगुणल्या! जाळीतून स्वच्छ ऐकू आलं. तोच श्वास. मी खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो.

भाची म्हणाली, रस्त्यावरचा आवाज या खोलीतून जाळीवाटे वर जातो, बाईंना त्रास होतो. म्हटलं, ताई, तुम्ही योग्य माणसाला सांगितलंत. खोल्या साऊंडप्रूफ करण्यावरच माझं घर उभं राहिलं. माल मागवला. ही सेवा फुकट. बाईंसाठी असं काम आजवर कोणी केलं नसेल.

बुधवार, १३ तारीख

काम उरकलं. भिंतींना फोम, खिडकीला दुहेरी काच, कायमची बसवलेली. पलीकडे हातभर अंतरावर शेजारची भिंतच आहे, उघडून करायचं काय. दारालाही जाड फोम आणि कडेने रबरी पट्टी. दारावर जुनं काहीतरी ठोकलेलं होतं. भाची म्हणाली, ते असू दे, वरूनच लावा. कडी तिने बाहेरून बसवून घेतली, म्हणजे रियाजाच्या वेळी कोणी घुसायला नको. मला त्यात वावगं वाटलं नाही. बाहेर उभं राहून आत रेडिओ मोठ्याने लावायला लावला, तर कुजबुजीएवढंही ऐकू येईना. आता या खोलीतला आवाज फक्त एकाच ठिकाणी जातो. वर.

शनिवार, १६ तारीख

बाईंना माझं बोलणं आवडतं! भाचीने निरोप आणला: रोज दुपारी जाळीखाली बसा आणि बोला, काहीही, घरचं बोला. दुकानदाराला बोल म्हणणं म्हणजे माशाला पोह म्हणणं. गोदाम सांगितलं, दात सांगितला. बायको गल्ल्यावर बसायची म्हणून तिला मी 'मॅनेजर' म्हणतो, ते सांगितलं. रुसली की कशी हाक मारायची, तेही. वरून कोणी हसल्यासारखं वाटलं.

अबोला सुटला. बायकोचा फोन आला होता. म्हणाली, अहो, घसा बसलाय का? तिकडे गप्प बसायला कोणी सांगत नाही वाटतं? मी म्हटलं, बाई ऐकतात माझं. त्यावर ती म्हणाली, मग एक तरी सापडली.

मंगळवार, १९ तारीख

घसा पार गेला. गरम पाणी, मीठ, सगळं झालं. 'स' म्हणून पाहिला, शिट्टीच वाजेना. नुसती हवा.

बाईंनी फोन वर मागवला. त्यातले बायकोचे आवाजी निरोप ऐकायचे आहेत, तिचं हसणं छान आहे म्हणे. मी दोन्ही हातांनी दिला.

दुपारी बाई गायल्या. कडव्यात 'सांज' शब्द आला आणि

शिट्टी वाजली. बारीक. मला ऐकू येणार नाही असं कसं होईल.

गुरुवार, २१ तारीख

आवाज नाही. कागदावर लिहून भाचीला विचारलं, हे काय चाललंय. तिने काही लपवलं नाही. भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. तो अडकणारा श्वास एका शिंप्याचा. त्याला दमा होता, याच खुर्चीत बसायचा. खालचा सूर एका मास्तरांचा. वरचा कोणा नर्सबाईंचा, त्या फार लांबून आल्या होत्या. सगळे बाईंवर जीव टाकणारे. परक्याचा आवाज लागत नाही म्हणाली, मनापासून दिलेला लागतो.

मी लिहिलं, आणि बाईंचा स्वतःचा?

ती हसली. म्हणाली, बाईंना ऐकायला फार आवडतं हो.

जाताना कडी लावली.

शुक्रवार, २२ तारीख

वर माझा फोन वाजला. मी उचलला. म्हणजे मी इथे, खाली — वर माझा आवाज. शिट्टीसकट. अगं मॅनेजर, म्हणाला. रुसलीस? घसा सुटला बघ माझा. ये ना इकडे चार दिवस, बाईंना तुझं हसणं ऐकायचंय.

ती हो म्हणाली असणार. कारण मी वर हसलो.

रविवारी येते म्हणाली, असं माझाच आवाज भाचीला सांगत होता.

शनिवार, २३ तारीख

दार फोडायला घेतलं. नखांनी फोम काढला. खाली सतरंजी ठोकलेली. तिच्याखाली रजया, बारीक टाके घातलेल्या — शिंपी. त्याखाली पुठ्ठे, त्यावर मुलांची बेरजेची गणितं — मास्तर. सगळ्यात आत इस्पितळाच्या चादरी. प्रत्येकाने बाईंसाठी लावलेलं. प्रत्येकाला वाटलं असणार, की आजवर कोणी —

काच फुटली. पलीकडे भिंत.

जाळीखाली खुर्ची ठेवून, वर चढून जाळीला तोंड लावलं. हवा.

रविवार, २४ तारीख

आली. जाळीतून ऐकतोय. जिना चढताना धापा, तिच्याच. भाची म्हणते, पडद्याच्या अलीकडेच बसा, तुमच्या मिस्टरांना सर्दी झालीय.

खुर्ची आपटतोय. पाय आपटतोय.

ती विचारते, खाली काही पडलं का? माझा आवाज म्हणतो, नवा भाडेकरू आहे गं, सारखी आदळआपट.

ती हसली — हसू नकोस — हसू नको —

पुन्हा सांग म्हणतोय तो. घरचं सांग. काहीही.

ती बोलतेय. मुलीचं. जावयाचं. मी धंदा कसा सोडला त्याचं. थांबतच नाही. अहो, म्हणाली, आज किती गोड वाटतोय तुमचा आवाज, इतकी वर्षं ऐकतेय, डोळे मिटून लाखात ओळखी