ब्रिजेटचं पोर

११ नोव्हेंबर
तालीम सुरू. नाटक आयर्लंडच्या बायकांवर — पोटासाठी कापडाचा तागा चोरला की इंग्रज सरकार जहाजात कोंबून सात वर्षं ऑस्ट्रेलियाला धाडायचं. लिहिलंय देवदत्तनं, बसवतोयही तोच. आजारी आईला रिक्षानं एकटीला दवाखान्यात पाठवणारा हा माणूस स्त्रीच्या वेदनेवर तासभर बोलला! मला म्हातारी कैदी दिलीय. संवाद चार, खोकला भरपूर.

१४ नोव्हेंबर
नायिका ब्रिजेटचं काम करणारी अंकिता कवठे महांकाळची, इथं सांगलीत बँकेत आहे. बंदरावर शिपाई ब्रिजेटचं पोर हिसकावतात, जहाज सुटतं — आणि ही नुसती ठोकळा! प्रांजल कपडेपट बघते, ती कुजबुजली, "स्वतःची तीन वर्षांची मुलगी म्हसवडला नवऱ्याकडे टाकून आलीय." टाकून! आणि वर लिपस्टिक लावून तालमीला. असल्या बायका!

१५ नोव्हेंबर
देवदत्तनं केस वाढवलेत. ध्यान दिसतं.

१९ नोव्हेंबर
चहाच्या टपरीवर अंकिताला टोचलंच. "लेकीची आठवण येते का गं?"
सरळ माझ्याकडे बघितलं तिनं. "आवं ताई, मी न्हाई टाकली. नवऱ्यानं मारून भायेर काढलं, पोरगी आत ठिवली. दीड वर्स झालं. कोर्टानं माझ्याकडं द्या म्हणलंय. पर मी गेले की घराला कुलूप!"
माझा चहा तसाच राहिला.
देवदत्त मागेच उभा. डोळे चमकले मेल्याचे! "हेच! हेच मला स्टेजवर पाहिजे!"
थू.

२९ नोव्हेंबर
प्रयोग सोमवारी. त्याच दिवशी म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा. अंकिता म्हणाली, "सर, त्या दिवशी घरात पाव्हणं असत्यात, कुलूप लावता येत न्हाई त्यास्नी. पोलीसबी येतो म्हणालेत. मला जाऊ द्या."
"मुलगी कुठं पळून जातेय? प्रयोग एकदाच आहे!"
बाकीचे? सगळे मान खाली घालून मोबाइल बघत होते. कलावंत म्हणे!
खोकला काढून दाखव म्हणाला देवदत्त मला. नाही काढला.

२ डिसेंबर
आटपाडीच्या पुढे रस्त्याकडेला गाडी थांबवलीय. सकाळी मीच काढली, अंकिताला घेऊन. तिकडे आता पडदा उघडायची वेळ. देवदत्तचे फोन वाजताहेत. वाजू देत.
पोलिसांसमोर पोरगी मिळाली. पण आईला ओळखेना. वाटभर "आई पायजे" म्हणून आजीसाठी रडली — तिलाच आई म्हणते — आत्ता कुठं मागच्या सीटवर झोपलीय. जागी होईल म्हणून अंकिता तिला हातसुद्धा लावत नाही.