डोमाजीच्या टोकनवरची दोन वर्षं

प्रिय सेल्वम,

तू गेलास हे मला नातीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. तुझ्या कमलाचा निरोप होता, इंग्रजीत आणि लांबलचक. नात वाचता वाचता मधेच थांबली आणि म्हणाली, "आबा, ये डोमाजी कौन है?" साठ वर्षांत या घरात ते नाव माझ्याशी जोडून कुणी घेतलं नव्हतं रे! माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

कमला लिहिते की, बाबा प्रत्येक निवडणुकीच्या सभेत सांगायचे, माझं राजकारण मलेशियात सुरू झालंच नाही, ते भिलाईत एका मजुराच्या हजेरीवरून सुरू झालं. विरोधक म्हणायचे, थापा मारतो. आता तुझ्या आठवणींचं पुस्तक निघतंय आणि तिथलेच काही जण विचारतायत, हे खरं होतं का? ते पाहिलेलं कुणी जिवंत आहे का?

आहे ना! इथंच, भिलाईच्या रिसालीत बसलाय, गुडघ्याला तेल लावून. तिला उत्तर द्यायचंच आहे, पण आधी तुझ्याशी बोलून घेतो. तिनं आणखीही एक गोष्ट लिहिलीय, त्यावरून मी तुझ्याशी भांडणार आहे. ते मागून.

तुला गेटवरचा तो पहिला दिवस आठवत असेल. माझा मेहुणा डोमाजी ठेकेदाराकडे खलाशांच्या टोळीत लागला होता, लोखंडी गर्डर उचलून वर चढवायचं काम. भाताच्या रोवणीला म्हणून साकोलीकडे गावी आला तो तिथंच रमला. त्याचं हजेरीचं टोकन वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि मला गाडीत बसवून दिलं. तेव्हा यात कुणालाच वावगं वाटत नसे. भावाच्या टोकनवर भाऊ, सासऱ्याच्या टोकनवर जावई! कारखाना उभा राहत होता आणि माणूस हवा होता. त्याचं नाव कोण विचारतो?

पण टाइमकीपर तू होतास. डोमाजी ताडमाड उंच आणि मी हा असा. तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि तुझ्या त्या मोडक्या हिंदीत विचारलंस, "डोमाजी, तुम गाँव जाके छोटा हो गया?" मागची सगळी रांग हसली. तू मान खाली घातलीस आणि हजेरी लावलीस.

पुढं मी तुझ्या वहिनीला, गिरजाला आणलं आणि तू आमच्या झोपडीत जेवायला यायला लागलास. मलायातल्या रबराच्या मळ्यात जन्मलेला, मद्रासकडे मामाजवळ शिकलेला, ठेकेदाराच्या ओळखीनं भिलाईत येऊन पडलेला पोरगा. तू झुणक्यावर चिंचेचं पाणी ओतून खायचास आणि गिरजा तोंडाला पदर लावायची. मराठी तू तिच्याकडूनच शिकलास, त्यामुळे तुझ्या तोंडी कायम आमची भंडाऱ्याकडची बोली. नळाच्या रांगेत तमिळ, तेलुगू, छत्तीसगढी आणि मराठी बायांची भांडणं लागली की हाका तुझ्याच नावानं! चौघींशी चार भाषांत बोलून तू त्यांना हसवायचास. पुढारी तू तेव्हापासूनच होतास, आम्हाला फक्त कळलं नाही.

मग कारखान्यात कायमची भरती निघाली. ठेकेदाराकडे काम केल्याचा दाखला हवा होता. माझी दोन वर्षं होती, पण दाखल्यावर नाव डोमाजीचं. तो गावाहून आला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "तूच होऊन जा न डोमाजी कायमचा! मले कुठी त्या भट्टीत भुंजून घ्याचं हाय?" मला ते पटलंसुद्धा. सेल्वम, आज कबूल करतो, मी खुशीनं आयुष्यभर डोमाजी व्हायला निघालो होतो.

फॉर्म तू भरत होतास. मोठ्यानं वाचत होतास. नाव, डोमाजी. वडिलांचं नाव, म्हणजे माझे सासरे. पत्नीचं नाव? मी म्हटलं, गिरजा. गिरजा चुलीजवळ होती, आठवा महिना. ती तशीच उठून आली.

"म्हंजे सरकारी कागदावर मी माह्या सख्ख्या भावाची बायको? अन् दवाखान्याच्या बुकात बी तसंच? पोट्टं झालं त मामाच त्याचा बाप? मले नाई चालत असं. मी गावाले जातो, धान कापतो, पन हे नाई!"

डोमाजी हसायला लागला, मग तिचा चेहरा पाहून खिशात बिडी शोधायला लागला. मी तिच्यावर ओरडलो. नोकरी, क्वार्टर, दवाखाना, सगळं हातातून जात होतं ना! तू मात्र फॉर्मचे चार तुकडे केलेस. "वहिनी बरोबर बोलून राहिली. उद्या मी येतो साहेबाकडे."

"अरे, तुही नोकरी जाईन!" मी म्हटलं.

"कावून जाईन? माह्यासारखी हजेरी कोन लिहिते इथं?"

दुसऱ्या दिवशी भरतीच्या टेबलासमोर मी नुसता उभा होतो. तूच बोललास. "हाजिरी मेरे हाथ का है साहब. दो साल काम ये आदमी किया. नाम गलत है, मुझे मालूम था, फिर भी लिखा." साहेब म्हणाला, लिखके दोगे? तू तिथंच बसून लिहून दिलंस आणि खाली सही केलीस. मग साहेबानं गर्डर उचलायचा तारेचा दोर माझ्यापुढं टाकला, म्हणाला, याचा फासा विणून दाखव. दोन वर्षं तेच केलं होतं ना! विणला. महिन्याभरानं माझ्या नावाचं पत्र आलं. नागोराव.

पण तोवर तू कुठं होतास? त्याच आठवड्यात तू म्हणालास, बाबा आजारी आहेत, मलायाला जातो. दुर्ग स्टेशनवर तुला सोडलं तेव्हा गिरजा तुझ्याशी धड बोललीही नाही. "बारशाले बी थांबले नाई भाऊजी," हे ती पुढं कितीतरी वर्षं म्हणायची. मीही म्हणायचो. कामापुरता मित्र निघाला, असंसुद्धा एकदा म्हणालो रे.

तुझी पत्रं यायची. रोमन अक्षरांत आमचीच बोली! कँटीनमधला एक बाबू वाचायचा आणि हसून हसून बेजार व्हायचा. मळ्यातल्या मजुरांच्या युनियनचा तू सेक्रेटरी झालास. देशाचं नाव मलेशिया झालं तेव्हा तू लिहिलंस, "नागोराव, आता माह्या देशाचं बी नाव बदललं, पन याले कोनी टोकन मांगत नाई." पहिल्या निवडणुकीनंतरचं पत्र तर गिरजाला पाठ आहे: "वहिनी, पडलो. पुन्हा उभा होऊन राहिलो." पुढच्या खेपेला राज्याच्या विधानसभेत निवडून आलास. आम्ही क्वार्टरांच्या सेक्टरभर पेढे वाटले. लोक विचारायचे, कोण निवडून आला? आम्ही सांगायचो, घरचाच आहे.

आणि तिथं तू काय केलंस? मळ्यात जन्मून म्हातारे झालेले, पण कुठल्याच कागदावर नाव नसलेले लोक शोधलेस. दर रविवारी झाडाखाली टेबल टाकून त्यांचे नागरिकत्वाचे फॉर्म भरलेस. मंत्री झाल्यावरही टेबल चुकवलं नाहीस, असं कमला लिहिते. ते ऐकताना गिरजा डोळे पुसत होती. मी कमी ऐकू येत असल्याचं सोंग केलं.

एक राग आहे. शिष्टमंडळाबरोबर दिल्लीपर्यंत आलास आणि दुर्गपर्यंत आला नाहीस! गिरजानं चिंच भिजत घातली होती. पत्रात लिहिलंस, वेळ नव्हता. तेही माफ केलं.

पण ही दुसरी गोष्ट? कमला लिहिते, तुझे बाबा आजारी नव्हतेच. ठणठणीत होते, पुढं कितीतरी वर्षं रबराची झाडं खरवडत होते. तू सही केलीस त्याच संध्याकाळी ठेकेदारानं तुला काढून टाकलं आणि खोटी हजेरी लावणारा म्हणून दुसऱ्या कुठल्या ठेकेदारानं उभं केलं नाही. का नाही सांगितलंस? मी हातात येणारी नोकरी सोडून तुझ्यामागं येईन, अशी भीती वाटली? खरं सांगू? मी आलो नसतो. बायको आठव्या महिन्यात होती, मी नोकरी घट्ट धरून बसलो असतो आणि जन्मभर मान खाली घालून जगलो असतो. तू हे ओळखलं होतंस, म्हणूनच बापाचं दुखणं सांगितलंस.

सेल्वम, क्वार्टर, दवाखाना, पोरांच्या शाळा, आज खातोय ती पेन्शन, सगळं माझ्या नावावर मिळालं. तुझ्यामुळे मिळालं. स्टेशनवर हे म्हणायला हवं होतं. आज म्हणतो.

आणि ऐक. लाज वाटायची म्हणून मी हे पोरांपासूनही लपवलं. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. आधी त्यांना सांगणार. थोरला, जो तेव्हा गिरजाच्या पोटात होता, तोही आता कारखान्यातून रिटायर झालाय. तो रागावेल, रागावू दे. मग कमलाला माझ्या हातानं मराठीत लिहिणार, इंग्रजी नात करेल. लिहीन की डोमाजीच्या नावानं राबलेला तो माणूस मीच. कमला, तुझे बाबा सभेत जे सांगायचे ते अक्षर अन् अक्षर खरं होतं, आणि त्याची किंमत त्यांनी मला कधी कळू दिली नाही. पुस्तकात छापा म्हणीन. खाली पूर्ण नावानं सही करीन, आज इथं करतोय तशीच.

तुझा,
नागोराव सखाराम लांजेवार