कोपरात वाकणारा हात

प्रिय सगू,

आधी बातमी वाच, मग हवं तेवढं माझ्यावर चीड. सुजीतच्या कोपराला ऑपरेशन लागणार नाही. काल अल ऐनच्या हॉस्पिटलात डॉक्टर मुग्धाबाईंनी स्कॅन दाखवला. बाई आपल्या साताऱ्याकडच्या, त्यामुळे आपल्याच भाषेत सांगितलं, "सुंभाचे काही पेड सुटलेत, दोर शाबूत आहे. हात स्वस्थ ठेवला तर आपोआप सांधेल." मी खाली येऊन गाडीत बसलो आणि गाडी सुरू करायचीच विसरलो. तुझा पोरगा शेजारून म्हणाला, "मामा, यल्ला, चला की! पार्किंगमध्येच राहायचंय का?" तेव्हा भानावर आलो. येताना वाटेत थांबून दोघांनी मिळून एवढं खाल्लं, की घरी तुझ्या वहिनीनं जेवायला वाढलं तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत बसलो.

माझा फोन तू घेत नाहीस म्हणून हे पत्र. शेजारची सोनम गावी येतेय, तिच्या हाती देतोय. तिला सांगितलंय, ताईनं वाचेपर्यंत अंगणातून हलायचं नाही, चहा दिला तरी.

तू गावभर सांगतेस की सख्ख्या मामानं भाच्याला फायनलच्या तोंडावर बसवलं. खरं आहे, बसवलं. पण मी इथं काय काम करायचो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू आपली सांगायचीस, "दादा दुबईत बॉलच्या कंपनीत मॅनेजर आहे." सुरुवात तशीच झाली होती म्हणा. अल क्वोजच्या गोदामात मी खेळाच्या सामानाची खोकी उचलायचो. शुक्रवारी तिथले अमेरिकन आणि जपानी साहेब बेसबॉल खेळायचे, त्यांना हातमोजे नि बॅटी पोचवायचो. पोचवता पोचवता मैदान कुठं स्वस्त मिळतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची बायको सुट्टीला गेलीय म्हणून कोण रविवारीही खेळेल, हे सगळं कानावर पडायचं. आपले कान म्हणजे लहानपणापासून मांजराचे. हळूहळू त्यांच्या मॅचेस मीच लावायला लागलो. मग इथं बेसबॉलची पैशांची लीग सुरू झाली आणि फुजैराचा संघ यहयासाहेबांनी विकत घेतला. मला बोलावून म्हणाले, "धनंजय, तू बोलता कम है, सुनता जादा है. तू जनरल मॅनेजर."

म्हणजे काय, तर कोच मैदानावर खेळवतो, पण कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कोण जखमी म्हणून बसणार, ते मी ठरवायचं. कुणाचा व्हिसा, कुणाची खोली, डोमिनिकन खेळाडूंना हवा तसा भात, तेही माझ्याच डोक्यावर. सोडायचं असलं की ते मॅनेजरनं स्वतः समोर बसून सांगायचं, निरोप पाठवायचा नाही. हे काम मला कधी जमलं नाही. माणूस समोर बसला की मी आधी चहा मागवायचो, आणि चहा आला की त्याला कळायचं. शेवटी शेवटी पोरं माझ्या केबिनमध्ये चहाला नाही म्हणायला लागली.

आणि सुजीत. आठवतं ना, गावच्या ओव्हरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेत त्याला कसं हाकललं होतं? चेंडू गोळीसारखा, पण कोपर वाकायचं. अंपायर हात आडवा करायचा आणि पब्लिक ओरडायची, "फेकतोय, फेकतोय!" तू घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस. मी तेव्हा सुट्टीवर होतो. क्रिकेटात जो हात गुन्हा, तोच बेसबॉलमध्ये धंदा, हे मला तिथल्या तिथं सुचलं. त्याला इथं आणलं, तर आमचा व्हेनेझुएलाचा कोच पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवर थाप मारून हसत सुटला. पहिल्या दोन सीझनला मैदानामागे तेलासाठी थांबलेली जहाजं दिसायची आणि पुढे तुझ्या लेकाच्या चेंडूनं कॅचरच्या मोज्यात फटाका फुटायचा. बघणारे त्याच्या वेगाचा आकडा बघायचे. मी डोळे मिटून ऐकायचो.

त्या ऐकण्यातच कळलं गं. सुजीत चेंडू सोडताना "हंऽ" करतो, लाकूड फोडणाऱ्यासारखा. या वर्षी तो हुंकार चेंडू सुटायच्या आधीच यायला लागला. दुखणार हे आधी माहीत असलेला माणूस असा श्वास धरतो. वेगाचा आकडा तोच होता, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काय नाय मामा, एसीनं आखडलंय." पुढच्या मॅचला पुन्हा तेच ऐकलं आणि त्याचं नाव जखमींत टाकलं.

यहयासाहेब घरी आले. चांगला माणूस आहे, ओरडला नाही. "हबीबी, सिर्फ एक मॅच. फिर खलास, जितना आराम चाहिये, दे." मी म्हटलं, त्या एका मॅचमध्येच हात जाईल. ते म्हणाले, "तू मामा पहले है, मॅनेजर बाद में." मी म्हटलं, साहेब, परका पोरगा असता तरी हेच केलं असतं, फक्त घरी शिव्या खाल्ल्या नसत्या. हसले, पण मनातून नाही. फायनल हरलो. नंतर त्यांनी मला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं गावा ओतून पुढं केला, इथला बिनसाखरेचा कावा. मी वाटी उचलायच्या आधीच ओळखलं. माझंच शस्त्र माझ्यावर! नव्या सीझनला नवा मॅनेजर येतोय.

वाईट वाटेल म्हणून घाबरत होतो, पण कसलं काय. शुभ्राला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, फायनली! नाऊ यू कॅन ईट विथ अस." तुझ्या वहिनीनं माझा कामाचा जादाचा मोबाईल चार्जरसकट कपाटात टाकला. जुने शुक्रवारवाले साहेब मैदान सांभाळायला बोलावतायत. पगार निम्मा, पण तिथं कुणाला समोर बसवून चहा पाजायचा नाही.

आता मुद्द्याचं. मी हे पत्र माफीसाठी लिहीत नाहीये, आणि तू माझ्याशी बोलावंस म्हणूनही नाही; तुझा राग तुझ्या वेळेनं जाईल. परवा दुसऱ्या एका संघाचा माणूस सुजीतला भेटला. पुढच्या महिन्यात खेळ म्हणतोय, त्यांना या कोपराचं काही ठाऊक नाही. सुजीत माझ्याकडेच राहतो आणि आमच्या भिंती पातळ आहेत. काल रात्री त्याच्या फोनवरचा तुझा आवाज मला भिंतीपलीकडून स्पष्ट आला, "सही कर बाळा, त्या मामाला दाखवून दे." तुला स्कॅनचं त्यानं सांगितलेलंच नाही, तेव्हा तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्याला वाटतंय, मामाची नोकरी आपल्यामुळे गेली आणि आई गावात मान खाली घालून फिरतेय, तर जिंकून दोन्ही फेडून टाकू. मी अडवायला गेलो तर म्हणतो, "मामा, आता तुम्ही मॅनेजर नाहीत." खरंच नाही. त्याला थांबवणारं आता एकच माणूस आहे, आणि ते तू. करारावरची सही शनिवारी आहे. त्याच्या आत त्याला सांग की डॉक्टरीण हो म्हणेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. माझं नाव मधे आणू नकोस, मी सांगितलं असं तर मुळीच नको. आईचा हुकूम म्हणून सांग, आणि वर एक दम भर. तो तुझ्या दमाला अजून घाबरतो. इथं एवढ्या साहेबांशी बोलणी केली, पण माझ्या खेळाडूसाठी मी कुणाकडे काही मागितलेलं हे पहिलंच.

तुझाच,
दादा