पापाच्या फेरफाराले माही हरकत

इंदूबाई, एका महिन्याच्या लेकराले पापी म्हणाले तुमची जीभ रेटली कशी? हे आधी लिहून टाकलं. आता बाकीचं.

मुक्काम केळापूर. विहीणबाईले पंचफुलाचा जयभीम (तुमी आता जय मसीह म्हणता, तं तोही घ्या, माह्या घरी तोटा नाही). कंबर कशी आहे? फोन केला असता, पण मी बोलाले लागली की तुमी मधातच प्रार्थना सुरू करता, अन् प्रार्थनेत बोललं तं मीच वाईट. म्हणून कागद लिहून तुमच्या पोराच्या, अश्वजितच्या हाती पाठवून राह्यली.

मंगळवारी तुमी वणीहून पोरीले पाह्याले आल्या. पोरगी रडत होती. तुमी मांडीवर घेतली, कपाळावर हात ठेवला अन् म्हणाल्या, हे आदमाचं पाप आहे, जन्मासंगंच येते, सव्वा महिना झाला की पास्टरभाऊकडून सोडवू. अहो, पोटात वारा धरला होता! तुमी गेल्यावर म्या ओव्याचा शेक दिला, पोरगी मोकळी झाली (आवाज शेजारी गेला) अन् झोपली. आदमाचं पाप ओव्यानं जात असन तं पास्टरले धाडा, पुडी बांधून देते.

हसून सोडून देल्लं असतं. पण तुमची सून, माही नात ममता, दारामागून ऐकत होती. तवापासून लेकराले पाजते अन् तोंड फिरवून घेते. काल मले इचारते, "आजी, माह्या दुधातून गेलं काय वं तिले?" दूध आटून राह्यलं, इंदूबाई. म्या मेथीचे लाडू देल्ले, मंग शिव्या देल्ल्या. दोन्ही वाया गेले.

आमचे मालक मारोतराव गेले तवा दोन एकरावर वारसाचं नाव लावाले तलाठ्यानं चावडीवर नोटीस लावली. पंधरा दिवस थांबला, कोणाची हरकत आहे काय म्हणून इचारलं, मंग फेरफार केला. अन् ते वावर तं घरच्याच माणसाचं होतं. हा आदम कोणत्या गावचा? फळ त्यानं खाल्लं (कोणतं ते पास्टरलेही सांगता आलं नाही), अन् नाव माह्या पणतीचं चढलं? ना नोटीस, ना पंच. तं हा कागद माही हरकत समजा.

दुसरं. तुमी म्हणाल्या, देवाच्या दरबारातले दूतही बिघडले, म्हणून देवानं त्याईले खाली ढकललं. खाली म्हणजे आपल्याचकडं ना? सायबानं तिकडं घोळ केला की त्याची बदली यवतमाळ जिल्ह्यात होते, देवाच्या हापिसातही तोच कायदा दिसते. पण त्या दूताईले ना माय ना बाप. मंग पाप कोणाकडून आलं? सोतानंच केलं ना? तं ज्याचं त्यानं भरावं. पोरीनं आजवर दूध पेलं अन् लंगोट भिजवले, दुसरं काही नाही.

माह्या बापाले गाव जन्मानंच इटाळाचा म्हणे. छप्पन साली तो नागपूरले गेला अन् ते तिथंच टाकून आला. तुमचा बापही संगं होता. तेच तुमी नवं नाव देऊन माह्या घरात आणलं. तुमी प्रार्थनेले खुशाल जा, कंबर बरी झाली म्हणता तं मले आनंद आहे. पण लेकराले पापी म्हणाल तवर पोरगी वणीले येणार नाही.

तुमची विहीण,
पंचफुला (तिसरी पास)

ता. क. पोरगी रागात आली की नाक फुगवून मुठी आवळते. ममता म्हणते, हे माह्यावर, तिच्या आजीवर गेलं. तेवढा वारसा मले कबूल.

आणखी ता. क. खरं काम हे. ममताले म्या दहादा सांगतलं की लेकरू साफ आहे. तिले माहं पटत नाही, सासूचं पटते. तवा कागद भेटला की पहिल्या गाडीनं या, पोरीले मांडीवर घ्या अन् ममताच्या समोर तुमच्या तोंडानं सांगा. मी हात जोडत नाही, पण भाकरी तुमच्यासाठी टाकून ठेवते. उत्तर तुमीच द्या. पास्टरचं नको, अश्वजितच्या हातचंही नको.