हँडलवरची गाठ

भगवंता,

झेंडूच्या पाट्या घेऊन मी सकाळच्या रेल्वेनं अकोल्याले चाललो, उद्या येतो. भाकरी टोपल्यात झाकल्या हायत, चटणी कालचीच हाय.

फटफटीचा रोग सापडला. तुही माय गेल्यापासून गाडी वर्षभर उभीच होती, म्हणून कार्बोरेटरात कचरा बसला असंन असं मले वाटलं. दोनदा खोलला, तरी एकदा रेस चढली का उतरेच ना, उभ्या जागी इंजिन बोंबलत राहे. तूच स्क्रू बिघडवला म्हणून काल तुले नाही नाही ते बोललो. तुहा काही दोष नव्हता.

आज गाडी चालू करून हँडल नुसतं डावीकडं फिरवलं, तं रेस आपोआप चढली. म्हणजे कार्बोरेटर चांगला हाय, रेसची तार कुठंतरी आवळली हाय. दिव्याच्या मागं हात घातला तं सुतळी लागली. मागच्या दसऱ्याले तुह्या मायनं हार बांधला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून तारेसकट करकचून बांधला. फुलं केव्हाच झडली, गाठ तशीच राहिली.

तेवढी गाठ सोडली का रेस बसते. मी विळा घेऊन गेलो होतो, तसाच वापस आलो. तू सोड. कापू मात्र नको, बोटानं सोड, अन् सोडताना पाहून ठेव तिनं ती कशी घातली होती. परवा दसरा हाय. मले तशी येत नाही.

बाबा