उलटा सदरा

प्रिय चिमे,

काल तुझ्या फोनवर आई इतकी हसली की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. तू म्हणालीस, ताई, तुझ्या औषधाने कमाल केली हं! मी नुसतं हं म्हटलं. आई शेजारीच बसली होती, काय बोलणार? म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतच लिहायला बसलेय. माझं पाल्हाळ तुला ठाऊक आहे, सहन कर.

आईच्या नागिणीचे फोड कधीच सुकले, पण बरगडीवरची आग काही जाईना. डॉक्टरांनी मन खचलेल्यांना देतात ती गोळी लिहून दिली, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं. मी काय वेडी झालेय, म्हणाली. मग मी तिला आमच्या उंदरांची गोष्ट सांगितली. उंदराला जाळीवर उभं करायचं आणि खालून नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवायचा. ज्याची नस दुखावलीय तो एवढ्यानेही पाय झटकन ओढून घेतो. हीच गोळी त्याला काही दिवस दिली, की पुष्कळदा तो पाय ओढत नाही. उदासीवरचं औषध नसेच्या दुखण्यावरही चालतं, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे आता उंदीर माझे वैद्य! दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवलं की विचारायची, काय म्हणतात आमचे वैद्यबुवा?

आणि खरंच, पंधरवड्यात तिचं कण्हणं थांबलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं गं. सगळ्या प्रयोगशाळेला सांगत सुटले.

परवा यंत्र बिघडलं म्हणून दुपारीच घरी आले. आई खिडकीपाशी बसली होती, बाबांचा तो धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा घालून. उलटा. शिवणी बाहेर. डावा हात अंगापासून लांब, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, आणि डोळ्यांतून पाणी. मला पाहिलं आणि लगबगीने आत गेली. बाहेर आली ती सदरा सुलटा करून, हसत. मी विचारलं तर म्हणे, अगं, घाईत उलटा घातला गेला. वर विचारते कशी, आज वैद्यबुवांनी लवकर सोडलं वाटतं? बरगडीला शिवणीचा स्पर्शही सोसत नव्हता तिला, त्या उंदरासारखा. मला रडू आवरेना. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आमच्याकडे एक रीत आहे. औषध एकीने द्यायचं, दोरा दुसरीने टेकवायचा. टेकवणारीला कळूच द्यायचं नाही की कुणाला औषध दिलंय आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी. कारण आपल्या औषधावर आपला जीव जडतो आणि हवं तेच दिसायला लागतं. उंदराला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो कुणाचं मन राखत नाही. इथे मात्र औषध मीच दिलं, विचारतेही मीच, आणि जिला विचारायचं ती आई आहे. लेकीचं औषध फुकट गेलं असं ती मेली तरी म्हणायची नाही. शपथ घालून झाली, रागावून झालं. सुलटा सदरा घालून हसत राहते. मी हात टेकले.

येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. ते तिलाच विचारणार आणि ती छान आहे म्हणणार. मी मध्ये बोलले, तर माझ्या लेकीला उगाच काळजी करायची खोड आहे, असं त्यांना हसून सांगेल. मग तीच गोळी पुढे चालू. दुसरी औषधं आहेत गं, पण दुखतंय हे तिच्या तोंडून यायला हवं. हे औषध तू आणलेलं नाहीस. तुझ्यापाशी तिला कुणाचं मन राखायचं नाही. रजा मिळत नसेल तर भांड, पण सोमवारच्या आत ये. मी घराबाहेर जाईन. तू तिच्याजवळ बस आणि विचार.

तुझीच,
ताई